कांद्याच्या चाळीतली धग आणि संगणकाचा हिशेब

पावसाळा लागला, की कांदा उत्पादकाची एक सवय ठरलेली असते. सकाळी चाळीपाशी जायचे, फटीतून हात घालून दोन-चार कांदे दाबून पाहायचे आणि वास घ्यायचा. वास आला, की समजायचे, आत कुठेतरी सड सुरू झाली. मग गडीमाणसे लावायची, पाखी मोकळी करायची, निवड करायची. पण नाकाला वास लागेपर्यंत आतला खेळ बहुधा आटोपलेला असतो. कडेचा कांदा टणक, वरचा कांदा टणक आणि मधोमध हात घातला तर चिखल, हा अनुभव नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात ऐकायला मिळेल.

मधोमधच का? कडेला का नाही? या साध्या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आणि उष्णतेत आहे. चाळीच्या आतला वारा डोळ्यांना दिसत नाही, पण तो कुठून शिरतो, कुठे अडतो आणि आतली धग कुठवर वाहून नेतो, याचा हिशेब आता संगणकावर मांडता येतो. इंग्रजीत या विद्येला कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स म्हणतात, थोडक्यात सीएफडी. विमाने, मोटारी, अणुभट्ट्या यांच्यासाठी वाढलेली ही विद्या शेतमालाच्या वखारीपर्यंत येऊन पोहोचली आहे. तिचा आपल्या चाळीशी काय संबंध, ते जरा सावकाश पाहू.

कांदा जिवंत असतो

रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी साधारण साठ टक्के कांदा या एका हंगामाचा. खरिपाचा नवा माल बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देश खातो तो हाच साठवलेला कांदा. जुन्या पद्धतीच्या साठवणीत चार-पाच महिन्यांत निम्म्यापर्यंत माल हातचा जातो. काही वजनात घटतो, काहीला कोंब येतात, काही काजळी धरतो आणि उरलेला सडतो. भाव वर जाईल की खाली, हे आपल्या हातात नाही. पण सडलेल्या कांद्याला तेजी काय आणि मंदी काय, दोन्ही सारखेच.

चाळीत भरलेला कांदा म्हणजे विटांचा ढीग नव्हे. तो श्वास घेतो. हवेतला प्राणवायू आत घेतो, साठवलेली साखर जाळतो आणि कर्बवायू, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर टाकतो. ही उष्णता किती? वीस अंश सेल्सिअसला एक टन कांदा दिवसाला सुमारे पाचशे किलोकॅलरी उष्णता सोडतो. पंचवीस टनांची चाळ धरली तर दिवसाला साडेबारा हजार किलोकॅलरी झाली. विजेच्या भाषेत बोलायचे तर शंभर वॅटचे सहा दिवे राशीच्या आत दिवसरात्र जळत आहेत असे समजा. आणि हा आकडा वीस अंशांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात चाळीत वीस अंश कुठले! तापमान वाढले, की श्वसन वाढते, श्वसन वाढले, की आणखी उष्णता सुटते. व्याजावर व्याज चढावे तशी ही गत होते.

कडेच्या कांद्याची धग वाऱ्याने लगेच निघून जाते. मधल्या कांद्याची धग मात्र शेजारच्या कांद्याला द्यावी लागते, त्याने त्याच्या शेजाऱ्याला, असे करत करत ती कडेपर्यंत यायची. कांदा हा उष्णतेचा काही चांगला वाहक नाही. कांद्या-कांद्यांमध्ये कोंडलेली हवा तर त्याहून वाईट. त्यामुळे मध्यभाग तापलेला राहतो, तिथली वाफ तिथेच कोंडते आणि बुरशीला हवी तशी जागा तयार होते.

चार फूट कुठून आले?

शासनाच्या अनुदानाच्या चाळीचा आराखडा बहुतेकांनी पाहिलेला आहे. पाखीची रुंदी चार फूट, राशीची उंची पाच फुटांपर्यंत, खाली दीड-दोन फूट मोकळी जागा, लांबी पन्नास फुटांच्या आत. चाळीस फूट लांबीच्या दोन पाख्या घेतल्या, की पंचवीस टनांच्या आसपास माल बसतो. पुष्कळांना वाटते, हे आकडे कुणा साहेबाने टेबलावर बसून ठरवले. "चार फूटच का, सहा फूट केले तर काय बिघडले? पत्रा तेवढाच लागतो, माल दीडपट बसतो," असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. खर्च वाचवणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे.

पण उष्णतेचे गणित इथे आडवे येते. राशीतून वारा वाहत नसेल आणि धग केवळ कांद्यामागून कांदा अशी सरकत बाहेर यायची असेल, तर मधल्या भागाचे तापमान कडेपेक्षा किती चढेल, ते रुंदीच्या वर्गावर अवलंबून असते. रुंदी दुप्पट केली तर तापमानातली वाढ दुप्पट होत नाही, चौपट होते. समजा, चार फुटांच्या पाखीत मध्यभाग कडेपेक्षा पाच अंशांनी तापतो. तर सहा फुटांच्या पाखीत तो सव्वाअकरा अंशांनी तापेल आणि आठ फुटांत वीस अंशांनी. प्रत्यक्षात फटींतून थोडीफार हवा फिरतेच, त्यामुळे आकडे नेमके इतके जाणार नाहीत. पण दिशा हीच. दीडपट माल भरण्याच्या नादात आतली धग सव्वादोन पट होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इथे कोणी म्हणेल, हॉलंडमध्ये तर तीन-चार मीटर उंचीच्या राशी लावतात, त्यांचा कांदा कसा टिकतो? टिकतो, कारण तिथे फरशीखालून मोठ्या पंख्यांनी हवा राशीतून वर ढकलली जाते, आणि बाहेरची हवाही थंड असते. धग कांद्यामागून कांदा अशी बाहेर येण्याची वाट ते पाहतच नाहीत. आपल्या चाळीत पंखा नाही, वाऱ्यावर भिस्त आहे. म्हणून आपल्याला रुंदी सांभाळावी लागते. हॉलंडची उंची घ्यायची आणि पंखा घ्यायचा नाही, असे चालत नाही.

संगणकात वाफे पाडतात

आता संगणक हे काम कसे करतो? शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण पाणी देताना तो तेच करतो.

शेताला पाणी द्यायचे तर आपण वाफे पाडतो. पाटाने पाणी येते, दंडाने पहिल्या वाफ्यात जाते, तिथून पुढच्यात. प्रत्येक वाफ्याचा हिशेब साधा असतो. जेवढे पाणी आत आले, तेवढे पुढे गेले, नाहीतर वाफ्यात मुरले किंवा साचले. कुठेतरी पाणी नाहीसे झाले म्हणावे, तर समजावे उंदराचे बीळ आहे किंवा बांध फुटला आहे.

सीएफडीवाले चाळीतल्या आणि चाळीभोवतालच्या हवेचे असेच वाफे पाडतात. फक्त जमिनीवर नाही, उंचीतही. दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे कल्पिले तर चाळीस फुटी दोन पाखी चाळीच्या आतच दोन लाखांच्या वर ठोकळे होतात. चाळीबाहेरचा वारा, शेजारचे घर, झाडे धरली तर ही संख्या पुष्कळ वाढते. प्रत्येक ठोकळ्यासाठी तीन वह्या लिहायच्या. एक हवेची, किती आली आणि किती गेली. दुसरी रेट्याची, ती हवा कोणत्या जोराने आणि कोणत्या दिशेने ढकलली गेली. तिसरी उष्णतेची, हवेबरोबर किती धग वाहून गेली, कांद्याने किती सोडली, पत्र्यातून किती उतरली. ओलाव्याची चौथी वहीही ठेवावी लागते. हवेच्या गतीचे हे नियम नवे नाहीत. फ्रान्सच्या नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि पुढे १८४५ मध्ये इंग्लंडच्या स्टोक्स यांनी ते समीकरणांत मांडले. मात्र ती समीकरणे एवढी किचकट, की साध्या आकाराच्या नळीपलीकडे ती हाताने सोडवणे जवळपास अशक्य.

तरी एकाने हाताने प्रयत्न केला. लुई फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्यांवर काम करत होते. त्या धामधुमीत त्यांनी युरोपच्या नकाशाचे चौकोन पाडून २० मे १९१० या एका जुन्या दिवसाचे सहा तासांतले हवामान कागद-पेन्सिलने काढायचा घाट घातला. उत्तर आले ते साफ चुकीचे. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असे निघाले, प्रत्यक्षात तो जवळपास होता तिथेच होता. रीत बरोबर होती, सुरुवातीला भरलेले आकडे एकमेकांशी जुळते नव्हते. त्यांनी ती चूक लपवली नाही. १९२२ साली पुस्तकात छापली. या गृहस्थांची आठवण पुढे पुन्हा काढावी लागणार आहे.

पुण्याचा एक विद्यार्थी

वाफ्यांच्या हिशेबात एक मोठी अडचण होती. हवा ज्या दाबाने ढकलली जाते, तो दाब आधी कुणालाच ठाऊक नसतो. दाब कळल्याशिवाय वेग निघत नाही, आणि वेग कळल्याशिवाय दाब निघत नाही. कोंबडी आधी की अंडे, तशातली गत. या कोंडीतून वाट काढणाऱ्या दोघांपैकी एक मराठी माणूस आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

सुहास पाटणकर यांनी १९६२ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, १९६४ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून एम.टेक. केले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखाली १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या गुरुशिष्यांनी १९७२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तिला 'सिंपल' म्हणतात.

तिची कल्पना गावच्या जमाखर्चासारखीच आहे. आधी दाबाचा एक अंदाज धरा. त्यावरून प्रत्येक ठोकळ्यातल्या हवेचा वेग काढा. मग वही तपासा, आत आलेली आणि बाहेर गेलेली हवा जुळते का? जुळत नसेल तर जिथे हवा जास्त साचते तिथे दाब थोडा वाढवा, जिथे कमी पडते तिथे उतरवा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सोसायटीच्या सचिवाने ताळेबंद जुळेपर्यंत रात्र जागवावी, तसा संगणक शेकडो, हजारो फेऱ्या मारतो आणि सगळे ठोकळे जुळले की थांबतो. पाटणकर पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. उष्णता आणि प्रवाहाच्या गणितावरचे त्यांचे १९८० सालचे पुस्तक जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासले. आजही या विषयातल्या पुष्कळ संगणकीय प्रणालींत 'सिंपल' किंवा तिची भावंडे आतून काम करत असतात.

चाळीत काय दिसते?

चाळीचा असा हिशेब मांडला, की काही गोष्टी डोळ्यांसमोर येतात. त्यातल्या काही जाणत्या शेतकऱ्याला अनुभवाने माहीत असतात, काही मात्र चकवतात.

पहिली गोष्ट वाऱ्याच्या रेट्याची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. उलट वेग निम्म्यावर आला, की रेटा पाव राहतो. म्हणून चाळीच्या पश्चिमेला घर, गंजी किंवा उभा ऊस असेल तर नुकसान वाटते त्याहून मोठे. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत वारा मंद असतो. दहा फुटी भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर चाळ बांधली तर ती वाऱ्याच्या सावलीतच बांधली म्हणायची. जागा मोकळी दिसते, वारा मात्र डोक्यावरून निघून जातो. दोन भावांनी वाटणीच्या खळ्यात शेजारी-शेजारी दोन चाळी उभ्या केल्या, तर पश्चिमेच्या भावाचा कांदा टिकतो आणि पूर्वेच्या भावाला वाटते बियाणेच खराब निघाले. (भाऊबंदकीला एवढे निमित्त पुरते.)

दुसरी गोष्ट दिशेची. वारा नेहमी सोपी वाट धरतो. पाखीच्या चार फूट रुंदीतून आरपार जाणे त्याला जमते, पण तोच वारा चाळीच्या लांबीच्या दिशेने आला तर चाळीस फूट कांद्यातून जाण्यापेक्षा तो बाजूने वळसा घालून जातो. म्हणून एक पाखी चाळ दक्षिणोत्तर लांबीची असावी असे सांगतात, म्हणजे पश्चिमेचा वारा रुंदीतून जातो. दोन पाखी चाळ मात्र पूर्व-पश्चिम ठेवायला सांगतात. हे ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. तीही दक्षिणोत्तर ठेवली तर पश्चिमेच्या पाखीतून निघालेली गरम, दमट हवा पूर्वेच्या पाखीला मिळायची. पूर्व-पश्चिम ठेवली, की मधल्या बोळातून ताजा वारा दोन्ही पाख्यांच्या अंगाला लागतो, शिवाय सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंवर कमी पडते. पण तो मधला बोळ मोकळा असला तर! रिकामी पोती, पाइप, फवारणी पंप हे सगळे त्या बोळात कोंबलेले असेल तर आराखड्याने तरी काय करावे?

तिसरी गोष्ट पत्र्याची. भर दुपारी उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर नऊशे-हजार वॅट ऊन पडते. दोन पाखी चाळीचे छप्पर साठ चौरस मीटरच्या आसपास धरले तर त्यावर पन्नास-साठ हजार वॅट उष्णता कोसळते. कांद्याचे स्वतःचे सहा दिवे त्यापुढे काहीच नाहीत. त्यातली पुष्कळ परत फिरते, वाऱ्याने जाते, पण तापलेला लोखंडी पत्रा निखाऱ्यासारखा खाली धग फेकतो आणि ती वरच्या थरातले कांदे झेलतात. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरणे, सिमेंटचा पत्रा किंवा कौले वापरणे, राशीचा माथा आणि छप्पर यांच्यात चांगली मोकळी जागा ठेवणे, हे उपाय त्यासाठीच. गंमत अशी, की पत्र्याचा त्रास वरून आणि दिवसा होतो, कांद्याच्या स्वतःच्या उष्णतेचा त्रास मधोमध आणि चोवीस तास होतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

चौथी गोष्ट खालच्या मोकळ्या जागेची. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते, हे चुलीच्या धुराड्यात आपण रोज पाहतो. चाळीतही हे होते, पण त्याचा जोर किती कमी आहे ते आकड्यांवरूनच कळते. दोन मीटर उंची आणि आतबाहेर पाच अंशांचा फरक धरला तर हा वर ओढणारा जोर ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वाऱ्याच्या रेट्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. मात्र वारा पडलेला असतो, त्या कोंदट रात्री तेवढाच आधार असतो. आणि नेमकी ती खालची दीड-दोन फूट जागा आपण लाकडे, कोंबड्यांचे खुराडे, रिकामे क्रेट यांनी भरून टाकतो. राशीतली माती, पाला, सुटी साल खाली झडून फटी बुजवतात, ते वेगळेच. भरण्याआधी कांदा नीट सुकवून, पात कापून, निवडून भरला पाहिजे, याला रोगाच्या बरोबरीने वाऱ्याचेही कारण आहे.

बटाटा आणि द्राक्षे

हे केवळ कागदावरचे शास्त्र नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी बटाट्याच्या व्यापारी शीतगृहाचा असा हिशेब मांडला आणि २००७ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. पोत्यांच्या थप्पीत हवा कशी फिरते, उष्णता कशी निघते आणि बटाट्याच्या वजनात किती घट येते, हे त्यांनी तपासले. शीतगृहात यंत्र चालू आहे, काटा बरोबर तापमान दाखवतो, तरी थप्पीच्या पोटात बटाटा तापतो, ही तक्रार सगळीकडचीच. काटा भिंतीवर असतो, बटाटा थप्पीत असतो.

दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठात फळांच्या खोक्यांवर बरेच काम झाले. निर्यातीच्या द्राक्षांच्या बाबतीत त्यांना आढळले, की गार हवेला खोक्याच्या भोकांपेक्षा आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा अडथळा अधिक होतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे सांगायला नको, कारण प्रीकूलिंगला एखादा तास जास्त लागला तर त्याची किंमत परदेशी बंदरावर चुकवावी लागते. खोक्याला भोके किती आणि कुठे पाडावीत, अस्तराला छिद्रे किती असावीत, हे शेकडो खोकी फाडून पाहण्याऐवजी आधी संगणकावर पाहता येते आणि उरलेली दोन-चार खोकी प्रत्यक्षात तपासता येतात.

रंगीत चित्राला भुलू नये

आता दुसरी बाजू. संगणकातून जे चित्र येते ते फार देखणे असते. गरम भाग लाल, गार भाग निळा, वाऱ्याच्या रेघा वळणे घेत चाललेल्या. असे चित्र समोर धरून कोणी म्हणाला, "साहेब, एवढे पंखे बसवा, लाल भाग निळा होतो," तर माणूस भुलतो. इथे रिचर्डसन यांची आठवण ठेवावी. रीत बरोबर असूनही भरलेले आकडे चुकले, की उत्तर चुकते. संगणक तर चुकीचे उत्तरही तितक्याच झोकात रंगवून देतो.

कोणते आकडे चुकू शकतात? वाऱ्याचे. वीस किलोमीटरवरच्या हवामान केंद्राचा वारा आणि तुमच्या खळ्यातला वारा एक नसतो. कांद्याचे. जखमी, ओल्या मानेचा कांदा निरोगी कांद्यापेक्षा जास्त श्वास घेतो. राशीचे. माती-पाला असलेल्या राशीतून हवा कमी जाते. आणि ओलाव्याचे. उन्हाळ्यात जो वारा राशीला वाचवतो, तोच श्रावणात ओला होऊन येतो. कांद्याला साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली वजन घटते, त्यावर सड आणि मुळ्या. म्हणजे भरपूर वारा खेळवा, एवढे सांगून भागत नाही. ज्या हिशेबात ओलाव्याची वही नाही, तो आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धाच समजावा.

म्हणून असा हिशेब दाखवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. प्रत्यक्ष राशीत थर्मामीटर घालून हे ताडून पाहिले आहे का? हो म्हणाला तर पुढे बसवून चहा द्यावा. नाही म्हणाला तर चहा द्यावा, पण पैसे देऊ नयेत.

कोणी करावे?

एकेका शेतकऱ्याने हे करावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र खर्चाची सबब आता पूर्वीसारखी उरलेली नाही. ओपनफोम नावाची या कामाची प्रणाली २००४ पासून फुकट आणि खुली आहे. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवतो. साध्या चाळीचा हिशेब आजच्या चांगल्या संगणकावर काही तासांत ते दिवसभरात होऊ शकतो. जिल्ह्या-जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवे असतात. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मुलांनी चाळ मोजावी, संगणकावर मांडावी, शेतकऱ्याने तापमानाच्या नोंदी द्याव्यात आणि दोन्ही ताडून पाहावे. मोटारीच्या बॉनेटवरून वारा कसा जातो, याचे तेच ते प्रकल्प दरवर्षी होतात. त्यातला एखादा चाळीचा झाला तर काय बिघडेल?

गावपातळीवरच्या अधिकारी मंडळींनाही एक विनंती. महाडीबीटीवर अर्ज येतो, पूर्वसंमती मिळते, चाळ उभी राहते आणि मग मोजणी होते. मोजणीत लांबी, रुंदी, उंची बघतात, फोटो काढतात. वारा कोणी मोजत नाही. चाळ उभी राहिल्यावर तिची दिशा बदलता येत नाही, म्हणून जागा आखताना, खांब रोवण्याआधी कोणीतरी तिथे उभे राहून पश्चिमेला काय आहे, एवढे तरी पाहावे. याला संगणक लागत नाही. दुपारी तीनच्या सुमारास त्या जागेवर कमरेएवढ्या उंचीवर उदबत्ती धरावी. धूर सरळ एका दिशेला जात असेल तर जागा बरी. गोल गोल फिरत असेल किंवा मागे येत असेल तर ती वाऱ्याची सावली आहे. चाळ दहा-वीस पावले सरकवून पुन्हा पाहावे.

आणि चाळ ज्यांची भरलेली आहे, त्यांनी वासाची वाट पाहू नये. बांबूचा एक पाच-सहा फुटी तुकडा घ्यावा, त्याच्या टोकाला साधा थर्मामीटर किंवा लांब वायरचा डिजिटल काटा बांधावा. पाखीच्या फटीतून तो आधी वीतभर, मग मधोमध, म्हणजे दोन फुटांपर्यंत सारावा. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे ठेवून आकडा वहीत लिहावा. वेळ पहाटेची धरावी, त्या वेळी पत्रा थंड असतो आणि जो फरक दिसतो तो कांद्याच्या स्वतःच्या धगीचा असतो. चाळीच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर अशा तीन जागा पुरेत. आठवड्यातून दोनदा नोंद केली तरी चालेल. कडेचा आणि मधला आकडा बरोबरीने वर-खाली होत असेल तर तो हवामानाचा फरक. कडेचा आहे तिथेच आणि मधला मात्र आठवड्यामागून आठवडा चढतो आहे असे दिसले, तर तेवढ्या भागातली पाखी त्याच दिवशी मोकळी करावी, मग वास येवो अथवा न येवो.